युरोची काळजी आणि पुतण्याचं ॲप

प्रश्न : नाशिकच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ४९, खासगी कंपनीत २२ वर्षं हिशेबाचं काम. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मास्टर्ससाठी तिला जर्मनीला जायचं आहे. तिथल्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायचं खातं) भरायच्या युरोंचा हिशेब दर महिन्याला वाढतोय, म्हणून यांची झोप उडाली आहे. मोठ्या दिरांचा मुलगा वर्षभर मोबाइलवर ‘फॉरेक्स’, म्हणजे परकीय चलनाचे सौदे, करतो. त्याने यांना २५,००० रुपयांचा एक कोर्स सुचवला आणि १०,००० रुपये एका ॲपवर टाकायला लावले. तीन आठवड्यांत स्क्रीनवर १४,२०० दिसू लागले. आता चार लाखांची एफडी मोडा, असा त्याचा आग्रह आहे. ‘काकू, रुपया पडतच राहणार, मग यात रिस्क कसली?’ दहा हजारांचं यजमानांना अजून माहीत नाही. त्या विचारतात : सामान्य माणसानं हे शिकावं का? की मी उगाच घाबरतेय आणि मागे राहतेय?

उत्तर :

ताई, शिकावं का, याचं माझं उत्तर ‘हो’ आहे. पण तुम्हाला जे शिकण्याची गरज आहे ते आणि तुमचा पुतण्या जे शिकवतोय ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याकडे येतेच. आधी त्या दहा हजारांचं बोलू, कारण ते थांबणारं नाही.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी अडले. ‘यूपीआय केलं तेव्हा कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव आलं.’ तुम्ही हिशेबातल्या आहात. माल एकाचा आणि बिल तिसऱ्याच्या नावावर आलं, तर ऑफिसात तुम्ही ते पास कराल का? तसंच हे आहे. आज ॲपमधून पूर्ण १४,२०० काढण्याची विनंती टाका. नुसता नफा नको, सगळीच रक्कम. ‘आधी टॅक्स भरा’, ‘खातं व्हेरिफाय करायला आणखी पाच हजार टाका’ असं उत्तर आलं, तर एक रुपयाही पुढे घालू नका. आपल्याकडे कर असा वसूल होत नाही. त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. आणि पैसे मुकाट्याने परत आले, तरी ते ॲप खरं ठरत नाही. छोट्या रकमा चटकन परत देऊन मोठ्या रकमेची वाट पाहणं ही या धंद्यातली जुनी रीत आहे. चार लाखांची एफडी त्याच टप्प्यावर येते.

आता कायद्याचं. भारतात राहणाऱ्या माणसाला परकीय चलनाचा व्यवहार करायचा तर तो अधिकृत बँक किंवा विक्रेता, मान्यताप्राप्त शेअर बाजार किंवा रिझर्व्ह बँकेने मंजूर केलेलं प्लॅटफॉर्म, इथेच करता येतो आणि तोही परवानगी असलेल्या कारणासाठीच. परदेशी दलालाकडे मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीची आगाऊ रक्कम, म्हणून पैसे पाठवायला परवानगी नाही. वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवण्याची जी सवलत आहे, तिच्यातही हे बसत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्मची यादी काढली तेव्हा तिच्यात ३४ नावं होती, पुढे ती वाढत गेली. पुतण्या म्हणेल, आमचं नाव त्या यादीत नाही. रिझर्व्ह बँकेने स्वतःच सांगून ठेवलंय की यादीत नाव नसणं म्हणजे मान्यता नव्हे. फसवणूक झाली तर तक्रार करायला जाणारा माणूसही फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात अडकू शकतो. दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. हे त्या २५,००० च्या कोर्समध्ये कुणी सांगतं का, मला शंका आहे.

दहा हजारांचे १४,२०० कसे झाले, तेही पाहा. आकडे खरे आहेत असं धरून चालू. अशा ॲपवर शंभरपट उधारी मिळते, म्हणजे दहा हजारांवर दहा लाखांचा सौदा. भाव तुमच्या बाजूने अर्धा टक्का हलला की पाच हजार नफा. उलट्या बाजूने एक टक्का हलला की दहा हजार संपले. मोठ्या चलनांचा भाव एका दिवसात एक टक्का हलणं ही काही नवलाची गोष्ट नाही. कधी कधी तर थांबायलाही वेळ मिळत नाही. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने फ्रँक युरोसमोर फार महागू नये म्हणून ठेवलेली मर्यादा अचानक उठवली आणि काही मिनिटांत फ्रँक युरोच्या तुलनेत जवळपास तीस टक्के उसळला. लोकांचे स्टॉप लॉस (ठरावीक भावाला सौदा बंद करून तोटा थांबवण्याचे आदेश) लावलेले होते, पण त्या भावाला घेणारंच कुणी नव्हतं. खाती शून्याच्याही खाली गेली, काही दलाल बुडाले. युरोपच्या नियामकाने २०१८ मध्ये उधारीवरच्या अशा सौद्यांत सामान्य ग्राहकांची किती खाती तोट्यात जातात ते तपासलं, तर प्रमाण ७४ ते ८९ टक्के निघालं. तुमचा पुतण्या उरलेल्यांत असू शकतो. त्याच्याकडे बँकेचं पासबुक मागा. वर्षभरात खात्यातून किती गेले आणि खात्यात किती आले, एवढ्या दोनच बेरजा करा. त्या तुमच्याइतक्या चांगल्या कुणाला करता येणार आहेत?

आता त्याच्या मुख्य वाक्याकडे येऊ : रुपया पडतच राहणार. हे वाक्य मी बँकेच्या परकीय चलन विभागात २६ वर्षं रोज ऐकलं. त्यात तथ्य आहे, म्हणूनच ते फसवं आहे.

२०१४ च्या मध्यावर डॉलर ६० रुपयांच्या आसपास होता, २०२४ संपताना ८५ च्या पुढे गेला. ऐकायला मोठं वाटतं. वर्षाची सरासरी काढली तर साडेतीन टक्क्यांच्याही आत येते. तेवढ्याच काळात सात टक्क्यांची साधी एफडी दुप्पट झाली असती, नुसते डॉलर धरून बसलेल्याचे पैसे दीडपटही झाले नाहीत. दुसरं म्हणजे, रुपया पडतो हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे आणि ते भावात आधीच धरलेलं असतं. समजा आज डॉलर ८८ ला आहे. वर्षभरानंतर घ्यायच्या डॉलरचा सौदा आज करायला जा, ८८ ला कुणी देणार नाही. ९० च्या आसपास सांगतील. रुपयावर व्याज जास्त, डॉलरवर कमी, तो फरक भावात चढतो. आम्ही त्याला प्रीमियम म्हणायचो. म्हणजे रुपया दोनने पडला तरी तुमच्या हातात काहीच नाही, त्याच्यापुढे पडला तर नफा आणि कमी पडला तर तोटा.

आणि रुपया सरळ रेषेत पडत नाही. २०१३ चा ऑगस्ट मला तारखेनिशी आठवतो. भोसरीचे एक लघुउद्योजक आमचे ग्राहक होते, अमेरिकेला सुटे भाग पाठवायचे. महिन्याच्या सुरुवातीला त्यांचे ४०,००० डॉलर आले तेव्हा भाव ६१ च्या आसपास होता. डॉलर खात्यात ठेवून त्यांनी वाट पाहायचं ठरवलं. २८ ऑगस्टला भाव ६८ च्या वर गेला. मी फोन केला, ‘साहेब, निम्मे तरी विकून टाका.’ ते हसले, ‘मॅडम, ७२ होऊ द्या.’ सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रघुराम राजन गव्हर्नर झाले, अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवींसाठी बँकांना सवलतीची योजना आली, रुपया सावरायला लागला. त्या खात्यातले डॉलर पुढच्या महिनाअखेरीपर्यंत रुपयांत बदलण्याचा नियम होता. ३० सप्टेंबरला बदलले तेव्हा भाव साडेबासष्टच्या जवळ होता. माझ्या टेबलासमोर बसून त्यांनी कॅल्क्युलेटरवर आकडा काढला : दोन लाखांहून जास्त रुपये हातचे गेले. धंद्यात वीस वर्षं घालवलेला, डॉलर रोज पाहणारा माणूस होता तो. मी त्यांना ‘निम्मे’ म्हणाले होते, कारण भाव कुठे जाणार हे मलाही माहीत नव्हतं.

पुतण्याला आणखी एक प्रश्न विचाराल? ‘तू कुठली जोडी घेतोस?’ अशा परदेशी ॲपवर बहुधा युरो-डॉलर, पौंड-डॉलर नाहीतर सोनं असतं, रुपया त्यात नसतोच. मग रुपया पडो की चढो, त्याच्या सौद्याशी त्याचा संबंध काय?

हाच धागा तुमच्या घरापर्यंत येतो, ताई. तुमची गरज डॉलरची नाही, युरोची आहे. युरोचा रुपयातला भाव दोन गोष्टींच्या गुणाकारातून येतो : डॉलर किती रुपयांना आणि युरो किती डॉलरना. २०२५ च्या जानेवारीच्या सुरुवातीला युरो ९० रुपयांच्या खाली होता, सप्टेंबरात शंभरी ओलांडून गेला. त्या काळात रुपया डॉलरसमोर थोडाच घसरला होता. खरी झेप युरोने डॉलरसमोर घेतली होती. नुसत्या डॉलरकडे पाहत बसलेल्या पालकांना हे कळलंच नाही. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटसाठी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. युरो दहा रुपयांनी महागला की तुमचा खर्च १,१९,०४० रुपयांनी वाढतो.

म्हणजे तुम्ही चलनाच्या बाजारात आधीच उतरलेल्या आहात. मुलीने जर्मनी ठरवलं त्या दिवशी. तुमची मिळकत रुपयांत आहे आणि देणं युरोंत. सामान्य गुंतवणूकदाराने चलन शिकावं असं मी म्हणते ते यासाठीच. ज्याचं मूल बाहेर शिकायला जाणार आहे, ज्याची द्राक्षं युरोपला जातात, ज्याचा पगार दुबईहून घरी येतो, ज्याने परदेशी शेअरच्या फंडात पैसे घातलेत, त्या प्रत्येकाचा सौदा आधीच चालू आहे. पाडव्याला घेतलेल्या वळ्यातही डॉलर आहे, कारण सोन्याचा जागतिक भाव डॉलरमध्ये ठरतो. हा चालू सौदा समजून घेऊन त्यातली जोखीम कमी करणं हे तुमचं शिकणं. पुतण्या जे सुचवतोय त्यात जोखीम दुप्पट होते : युरो महागला तर खर्च वाढणार, आणि ॲपवर डाव फसला तर तो भागवायचे पैसेही जाणार.

‘मग शेअर बाजारात कायदेशीर करू का?’ असंही तुमच्या मनात येईल. आपल्याकडे ऑगस्ट २००८ पासून चलनाचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे आज भाव ठरवून केलेले सौदे, शेअर बाजारात मिळतात, युरो-रुपयाचाही आहे, एक लॉट, म्हणजे सौद्याचा लहानात लहान गठ्ठा, १,००० युरोंचा. पण रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये स्पष्ट केलं की रुपयाच्या जोडीतला सौदा करणाऱ्याचं खरोखरचं परकीय चलनातलं देणं-घेणं असायला हवं. ठरावीक मर्यादेपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, तरी देणं-घेणं असायलाच लागतं. त्यानंतर तिथली उलाढाल खूप आटली. पातळ बाजारात घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात फट मोठी असते. शिवाय रोजच्या रोज मार्जिनचा हिशेब येतो. तुमच्या रकमेसाठी मी तो मार्ग सुचवणार नाही. परदेशी फंडांतली गुंतवणूक तुमच्या निवृत्तीसाठी विचारात घ्या, पुढच्या वर्षी लागणाऱ्या पैशांसाठी नको.

तुमच्या हातात खरं काय आहे, ते सांगते. पहिलं, बँकेचा भाव. गुगलवर दिसणारा युरो आणि बँक तुम्हाला विकते तो युरो वेगळे असतात. समजा गुगलवर १०० आहे आणि बँकेने १०२ लावला. ११,९०४ युरोंवर २३,८०८ रुपये गेले. जवळपास पुतण्याच्या कोर्सइतके! शाखेत जाऊन विचारा, ‘टीटी सेलिंग रेट काय आहे? आणि इंटरबँकवर तुम्ही किती पैसे लावता?’ (टीटी सेलिंग रेट म्हणजे बाहेर पैसे पाठवणाऱ्याला बँक चलन विकते तो भाव, इंटरबँक म्हणजे बँकांचा आपसातला भाव.) एवढं विचारलं की समोरचा माणूस सावरून बसतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलेलं आहे. रक्कम दहा लाखांच्या घरात असेल तर शाखा ट्रेझरीकडून, म्हणजे बँकेच्या चलन व्यवहार करणाऱ्या विभागाकडून, खास भाव मागवू शकते, पण मागितल्याशिवाय मागवत नाही. दोन-तीन बँकांत एकाच दिवशी, एकाच वेळी विचारा, कारण भाव दिवसभर हलतो. (ज्यांना डॉलर हवेत त्यांच्यासाठी क्लिअरिंग कॉर्पोरेशनचं ‘एफएक्स-रिटेल’ हे प्लॅटफॉर्म २०१९ पासून आहे, तिथे बाजारातला भाव दिसतो आणि बँकेचा आकार वेगळा कळतो.)

दुसरं, एकाच दिवशी सगळं घेऊ नका. प्रवेशाचं पत्र हातात आलं की ब्लॉक्ड अकाउंट देणाऱ्याला विचारा, हप्त्यांनी पैसे भरता येतात का? येत असतील तर चार हप्ते करा, २,९७६ युरोंचा एक. व्हिसाच्या अर्जाची तारीख धरून मागे मोजत या आणि चार तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहा. त्या दिवशी भाव काहीही असो, घ्यायचे. सगळ्यात स्वस्त भाव मिळणार नाही, सगळ्यात महागही लागणार नाही. भोसरीच्या त्या साहेबांना मी हेच सांगत होते. फार आधी मात्र घेऊ नका. बाहेर पाठवलेली रक्कम न वापरता, न गुंतवता पडून राहिली तर १८० दिवसांत परत आणावी लागते.

तिसरं, आर्थिक वर्षात १० लाखांपुढे पाठवलेल्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. मान्यताप्राप्त संस्थेचं शैक्षणिक कर्ज असेल तर तो लागत नाही. कापला गेला तरी तो तुमच्या प्राप्तिकरात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात, म्हणून हप्ते मार्चच्या अलीकडे-पलीकडे विभागता येतील का ते पाहा. चार लाखांची एफडी या हप्त्यांसाठीच राहू द्या. मुदत त्या तारखांना जुळत नसेल, तर पुढच्या नूतनीकरणाला तिचे चार तुकडे करून घ्या.

आणि शिकायचंच आहे, तर एक वही घ्या. रोज संध्याकाळी तीन आकडे लिहा : डॉलर किती रुपयांना, युरो किती रुपयांना, युरो किती डॉलरना. शेजारी एक ओळ, आज काय घडलं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची बैठक, कच्चं तेल चढलं, परदेशी गुंतवणूकदारांनी शेअर विकले, जे असेल ते. महिन्याच्या पहिल्या तारखेला अंदाज लिहा, युरो महिनाअखेर कुठे असेल आणि का. शेवटच्या तारखेला खरा भाव त्याच्याशेजारी लिहा, अंदाज खोडू नका. सहा महिन्यांनी तुमच्या सहा अंदाजांतले किती बरोबर आले ते बघा. ते पाहिल्यावर सौदे करावेत की नाही, याचं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा नीट कळेल. सविस्तर वाचायचं असेल तर चलन वायद्यांसाठी एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा आहे, तिचं अभ्यासपुस्तक कोर्सच्या आधी चाळा. तुम्हाला ते जड जाणार नाही.

‘मी मागे राहतेय’ असं तुम्ही लिहिलंत, ते मला लागलं. पुतण्या फाडफाड इंग्रजी शब्द वापरतो आणि तुम्हाला आपण अडाणी आहोत असं वाटतं. २२ वर्षं ताळेबंद जुळवणारी बाई अडाणी नसते. तुम्हाला भीती वाटली, कारण पावतीवरचं नाव जुळत नव्हतं. ती तुमच्या कामाची सवय आहे, तिचं ऐका.

यजमानांना आज रात्रीच सांगा. दहा हजार मोठे नाहीत, पण पैसे परत मिळवायची धावपळ लपूनछपून करता येणार नाही. पुतण्यावर सगळ्यांसमोर आरोप करू नका. तो बहुधा स्वतःच अडकलेला आहे, कदाचित दुसऱ्याला जोडलं की कमिशन मिळतं म्हणून त्याने तुम्हाला ओढलं असेल. त्याला एकट्याला चहाला बोलवा, पासबुक घेऊन यायला सांगा आणि त्याच्याबरोबर बसून बेरीज करा. त्याचे पैसे अडकले असतील तर तक्रार करायला तुम्ही सोबत जा. या वयातली मुलं लाजेपायी गप्प बसतात आणि तोटा भरून काढायला आणखी पैसे घालतात.

पहिल्या हप्त्याला बँकेत जाल तेव्हा मुलीलाही न्या. भाव तिलाच विचारू द्या. तिथे गेल्यावर त्या खात्यातून तिला महिन्याला ९९२ युरो मिळतील, आणि त्यातला एकेक युरो घरी किती रुपयांना पडला होता, ते तिने काउंटरवर पाहिलेलं असेल.